ठोंब्याच्या मानेची कुरकुर

तेलमामांच्या घरातलं एकही दार वाजत नसे. ज्या माणसाने चाळीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त केली, त्याच्या घरात बिजागरी कुरकुरली असती तर अब्रूच गेली असती. कारखान्यात पाचशे मशीनं होती आणि त्यांच्यावर बसणाऱ्या पाचशे बायका. एखादं मशीन जरा खटखटायला लागलं की कुणीतरी हाक मारायची, "ओ तेलमामा!" आणि हे लांब नळीची तेलाची कुपी घेऊन हजर. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. नव्या मिस्त्रीला ते पहिल्या दिवशी सांगायचे, "मशीन चालू आहे की बंद, हे हात लावून बघायला लागलं पाहिजे. आवाज म्हणजे मशीनची तक्रार. तक्रार आली की मिटवायची."

निवृत्त झाल्यावर कुपी त्यांच्याबरोबर घरी आली. आधी दारं गप्प झाली, मग खिडक्या, मग कपाटं, पंखा आणि खुर्च्यासुद्धा. बायको होती तोवर म्हणायची, "आता मलाही दोन थेंब घाला, म्हणजे सुटलात!" ती गेली आणि घर जरुरीपेक्षा जास्तच शांत झालं. दोन वर्षांपूर्वी लेक नातीला घेऊन राहायला आली तेव्हा तेलमामांना वाटलं, चला, आता घरात जाग येईल. जावई मालवाहू बोटीवर होते, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तेव्हा मायलेकींनी एकटं राहण्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांनीच ठरवलं होतं.

जाग आली, पण ती लेकीची. तिच्या आधी तिचा आवाज घरात येतो, असं तिची आई म्हणायची ते खरंच होतं. जिन्यात असतानाच हिचं बोलणं सुरू, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतोय, चपला फटफटतायत, आत येता येता एखादी खुर्ची पायाने सरकवलेली. नात मात्र बोलत नसे. सात वर्षांची होती. बरणीचं झाकण जमिनीवर कडेवर उभं धरून बोटाने असं काही फिरवायची की ते मिनिटभर जागच्या जागी गरगरत राही, आणि ती पोटावर पडून त्याच्याकडे बघत राही. म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. डॉक्टरांनी 'स्वमग्नता' हा शब्द सांगितला त्याला तीन वर्षं झाली होती. तो शब्द लेकीने रडून पचवला आणि तेलमामांनी न रडता. कुणाला जास्त जड गेला ते सांगणं कठीण आहे.

भिंगरीला आजोबा खोलीत आलेले चालत नसत. बाकी सगळं चाले. आजोबांनी सोलून दिलेलं फळ चाले, आजोबांनी आणलेली झाकणं तर फारच चालत. पण ती खेळत असताना ते खोलीत आले की एक किंकाळी, दोन्ही हात कानांवर, आणि मग अर्धा-पाऊण तास ती भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून बसे. तेलमामांनी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. चपला बाहेर काढून मोजे घालून चालायला लागले. तिच्या खोलीच्या दाराला दर आठवड्याला तेल. खोकला आला तर तोंडावर रुमाल. मांजरसुद्धा जितकं चोरपावलांनी येणार नाही तितकं ते येत, आणि जितकं जपून येत तितकी पोर जास्त किंचाळे.

"मी काय तिला खातो का गं?" एकदा ते लेकीला म्हणाले.

"बाबा, तुमच्यावर नाहीये ते."

"मग कोणावर आहे? खोलीत मीच तर असतो!"

आणि त्या महिन्यात याचं उत्तर हवंच होतं. लग्नाआधीपासून ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करत असे. भिंगरीपायी ते सुटलं होतं. आता जुन्या लॅबने तिला परत बोलावलं होतं, दुपारी दोन ते सहा. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. सकाळी भिंगरी शाळेत असे; प्रश्न होता त्या चार तासांचा. परक्या माणसाला ती उंबऱ्याच्या आत घेत नव्हती. राहता राहिले आजोबा.

"नाही म्हणून कळवते," लेक म्हणाली. ती पाठमोरी भांडी घासत होती आणि त्या वेळी ती जरासुद्धा आवाज करत नव्हती. त्यावरून तेलमामांना कळलं की तिला जायचंय, फार जायचंय.

"महिना संपलेला नाही," ते म्हणाले.

आशा होती ती ठोंब्याची. आठवड्यातून दोनदा भिंगरी थेरपी केंद्रात जायची. तिथे एक ताई होत्या, शांत, गोल चेहऱ्याच्या, खिशात कायम गोट्या नाहीतर मणी घेऊन हिंडणाऱ्या. त्यांच्याकडे एक रोबोट होता. रोबोट म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसं त्यात काही नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी, गरीब केंद्रांनाही परवडावा म्हणून, स्वस्तातल्या प्लॅस्टिकचा बनवला होता. घागरीएवढं धड, त्यावर डबा ठेवल्यासारखं डोकं, दोन बटणं डोळे म्हणून, आणि एकच हात. त्याला येत होतं तरी काय? भिंतीकडे तोंड करून बसायचं, मग मान वळवून मुलाकडे बघायचं, हात पुढे करायचा, हातावर ठेवलेली वस्तू पाच आकडे होईपर्यंत धरायची आणि परत द्यायची. बस्स. केंद्रातल्या झाडूवाल्या मावशींनी त्याला पहिल्याच दिवशी 'ठोंब्या' म्हणून टाकलं आणि ते नाव चिकटलं.

पण या ठोंब्याने चार महिन्यांत जे केलं ते कोणा शहाण्याला जमलं नव्हतं. भिंगरी त्याच्यासमोर बसू लागली. मग त्याने मान वळवली की त्याच्याकडे बघू लागली. मग एक दिवस तिने आपलं निळं झाकण, जे ती आईलाही देत नसे, त्याच्या हातावर ठेवलं आणि वाट बघत बसली. ठोंब्याने पाच आकडे धरून परत दिलं. तिने पुन्हा ठेवलं. लेकीने हे काचेच्या खिडकीतून पाहिलं.

"पाळी म्हणजे काय ते तिला कळलंय," ताई म्हणाल्या. "एकदा तुझी, एकदा माझी. माणसं फार भराभर हलतात हो, त्यांच्या चेहऱ्यावर एका वेळी शंभर गोष्टी चाललेल्या असतात. ठोंब्याचं तसं नाही. आता पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारी आजोबा बसतील. मग हळूहळू त्याच्या जागी आजोबा."

तेलमामा त्या दिवशी केंद्रातून घरापर्यंत पायी आले. रिक्षात बसायचं त्यांना सुचलंच नाही.

आणि नेमकं पुढच्या आठवड्यात, भिंगरीच्या खेपेच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या एका मुलाने प्रेमाच्या भरात ठोंब्याच्या गळ्यात पडून त्याची मान मोडली. कॉलेजातल्या पोरांना फोन केला. त्यांच्या परीक्षा चालू होत्या. नवी मान पाठवायला तीन आठवडे लागतील म्हणाले. तीन आठवड्यांनी महिना संपत होता.

"बघू तरी," तेलमामा म्हणाले.

ताईंनी ठोंब्या त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, चार स्क्रू काढले, आत डोकावले आणि चाळीस वर्षं ज्या सुरात बोलले त्याच सुरात म्हणाले, "कोणी केलंय हे?"

"का हो?"

"चाकाचे दोन दात गेलेत, ते सोडा. पण मुळातच सगळं सैल आहे. मोटर आधी पोकळ फिरते, मग चाक पकडतं, मग कुठे मान हलते. आणि घासतंय बघा किती. कसा ओरडत असेल हा!"

"ओरडतो थोडा," ताई हसल्या. "सवय झाली आम्हाला."

"सवय कशाला करून घ्यायची?"

त्यानंतरचे चार दिवस तेलमामा पंचवीस वर्षांनी तरुण झाले. जुन्या मशीनचं एक नायलॉनचं चाक त्यांनी मापात बसवलं. पितळेची बारीक चकती घडवली. आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा तेलात भिजवून ठेवला, म्हणजे वर्षभर बघायला नको. मोटर आणि चाकात केसाएवढीही फट ठेवली नाही. काम करताना ते शीळ घालत होते. बायको गेल्यापासून लेकीने ती ऐकली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी केंद्रात नेऊन बटण दाबलं. ठोंब्याची मान लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. ताईंनी टाळ्या वाजवल्या. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "अगंबाई, हा तर साहेब झाला!" तेलमामांनी कुपी रुमालाने पुसून खिशात ठेवली. त्यांना असं झालं होतं की कधी एकदा भिंगरी येते.

भिंगरी आली, आपल्या जागेवर बसली, झाकण फिरवू लागली. ठोंब्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताईंनी बटण दाबलं. मान वळली. भिंगरीने डोळे वर केले तेव्हा ती बटणं तिच्याकडेच बघत होती.

किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असेल. ती टेबलाखाली शिरली आणि वेळ संपेपर्यंत बाहेर आली नाही. निळं झाकण जमिनीवर पडून राहिलं.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तर तिने खोलीच्या दारातच अंग टाकलं. "होतं असं कधी कधी," ताई म्हणाल्या, पण त्यांच्या खिशातल्या गोट्या हातात फिरायच्या थांबल्या होत्या. "मुलं चार पावलं पुढे जातात आणि सहा मागे येतात. का ते आपल्याला नेहमी कळतंच असं नाही." घरी आल्यावर लेकीने लॅबचं पत्र पर्समधून काढून फ्रिजवर ठेवलं, म्हणजे उत्तर लिहायचं राहू नये. महिन्याचे आठ दिवस उरले होते.

मशीन दुरुस्त केलं आणि काम बिघडलं, असं तेलमामांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच केंद्रात गेले. "आधीचं काही असेल का बघायला? तिचं आणि ठोंब्याचं?"

होतं. ताई प्रत्येक वेळेचं चित्रण करून ठेवत. त्यांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर भिंगरी बसली होती, ठोंब्या वळत होता, झाकण जात होतं आणि येत होतं. तेलमामांनी तीन वेळा पाहिलं. त्यांना काही कळेना.

"याला आवाज नाही का?"

"आहे ना. पण शेजारच्या खोलीत मूल असतं, म्हणून मी बंदच ठेवते. मला मुलांचे हात आणि चेहरे तर बघायचे असतात."

"लावा जरा. मला बघून काही समजत नाही, ताई. मी आयुष्यभर ऐकूनच दुरुस्ती केली."

ताईंनी आवाज लावला. तेलमामांनी डोळे मिटले. झाकणाची गरगर ऐकू येत होती. मग एक घाणेरडा, खरखरीत, कोणाही मिस्त्रीला लाज वाटावी असा आवाज आला: कुर्रर्र… कट्. आणि त्याच क्षणी झाकणाची गरगर थांबली.

त्यांनी डोळे उघडले. "मागे घ्या. पुन्हा लावा."

कुर्रर्र म्हणताच भिंगरीचा तळहात झाकणावर आडवा पडत होता. ठोंब्या अजून भिंतीकडेच बघत होता. आत मोटर पोकळ फिरत होती. भिंगरी एक मोठा श्वास घेत होती. हनुवटी जराशी वर करत होती. मग कट् होऊन मान वळायला लागायची, आणि ती वळून पूर्ण होईपर्यंत पोर तयार होऊन बसलेली असायची. दहा चित्रणं पाहिली. दहाही वेळा तेच.

"तो आधी सांगायचा," तेलमामा म्हणाले. "येतोय म्हणून सांगायचा तिला. मी त्याचं तोंड बंद केलं."

"चार महिने मी हे आठवड्यातून दोनदा बघतेय," ताई म्हणाल्या, "आणि बघतच राहिले."

कॉलेजातल्या पोरांना फोन लावला. एकजण म्हणाला, "काका, तो आवाज आमच्या दोषांच्या यादीत पहिला आहे. पुढच्या ठोंब्यात काढूनच टाकतोय."

"काढू नकोस बाबा," तेलमामा म्हणाले. "निदान आधी गिऱ्हाइकाला विचार. तुमचं गिऱ्हाईक बोलत नाही, म्हणून बघून विचार."

बोलणं सोपं होतं. करायचं कसं? जुनं चाक त्यांनी टाकलं नव्हतं, ते काहीच टाकत नसत. पण त्याचे दात गेले होते. तेव्हा नवं, स्वतःच्या हाताने बसवलेलं उत्तम काम त्यांना बिघडवायचं होतं, आणि चाळीस वर्षांत ते काही ते शिकले नव्हते. चांगल्या दातावर कानस ठेवली तेव्हा हात अडला. "चल रे," ते स्वतःलाच म्हणाले आणि घासू लागले. नमद्याचा तुकडा काढला. तेल पुसलं. बॉबिनच्या डबीची पितळी पट्टी कापून चाकाला घासेल अशी लावली. पहिल्यांदा आवाज आला तो शेळीसारखा. दुसऱ्यांदा आला तो बरोबर, पण मान वळता वळता. म्हणजे पाहुणा घरात येऊन बसल्यावर त्याचा फोन यावा तसा. फट आणखी वाढवली. ताई डोळे मिटून बसल्या. तेलमामा एकदा चित्रणातला आवाज लावायचे, एकदा ठोंब्याचा. "नाही." "नाही हो." "जवळ आलात." झाडूवाल्या मावशी केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "हाच. हाच मेला आमचा ठोंब्या."

भिंगरी आली ती सरळ टेबलाखाली. ताईंनी तिला ओढलं नाही, बोलावलं नाही. बटण दाबलं.

कुर्रर्र… कट्.

टेबलाखाली काही हललं नाही. ठोंब्याने रिकामा हात पुढे केला, पाच आकडे धरला, मागे घेतला, पुन्हा भिंतीकडे वळला. दुसऱ्यांदा कुर्रर्र झालं तेव्हा टेबलाखालून दोन डोळे दिसले. सहाव्यांदा ती गुडघ्यांवर बाहेर आली होती. नवव्यांदा निळं झाकण ठोंब्याच्या हातावर होतं. काचेमागे तेलमामांनी लेकीचा हात धरला, की तिने त्यांचा धरला, ते दोघांनाही नंतर आठवेना.

तरी मुख्य दुखणं राहिलंच होतं. ठोंब्या सुधारला, म्हणजे नीट बिघडला. पण त्याच्या जागी आजोबांना बसवायला ताईंना आणखी दोन महिने तरी हवे होते, आणि महिन्याचे दिवस उरले होते तीन. त्या दुपारी तेलमामा घरात खुर्चीवर बसून होते. आत भिंगरी झाकण फिरवत होती. जिन्यात लेकीचा आवाज आला. ती शेजारणीशी काहीतरी बोलत वर येत होती. किल्ल्या खुळखुळल्या. चपला फटफटल्या. "आले गं बाई, आले," ती तिथूनच म्हणाली.

आतली गरगर थांबली.

तेलमामा ताठ बसले. लेक खुर्चीला धडकून, "ही मधे कोणी ठेवली?" म्हणत आतल्या खोलीत शिरली. किंकाळी नाही, काही नाही. थोड्या वेळाने गरगर पुन्हा सुरू झाली.

ते खुर्चीतून हळूच उठले. नातीच्या खोलीच्या दाराशी गेले. लेक बाहेर पडून स्वयंपाकघरात गेली तसं त्यांनी एका बोटाने दार ढकललं, तसूभरच. दार आज्ञाधारक पोरासारखं, चकार शब्द न काढता हललं. त्यांनी ते पुन्हा ओढून घेतलं. आपल्या पायांतल्या मोज्यांकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन वर्षं ते त्या पोरीच्या खोलीत चोरासारखे शिरत होते. मान वर करावी तो समोर एक आख्खं माणूस उभं. कोणीही किंचाळलं असतं.

पहिल्यांदा त्यांना हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं. एवढं प्रेम आणि एवढ्या काळजीने केलेलं. आणि तेच बोचत होतं तिला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेत गेल्यावर त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळी काढल्या. रॉकेलमध्ये धुतल्या, चिंधीने कोरड्या केल्या, खरखरीत कागदाने घासल्या. लेक लॅबला द्यायचं पत्र हातात घेऊन उभी राहिली. "बाबा, दाराला काय झालं?"

"काही नाही."

"मग काय करताय?"

"बिघडवतोय. तू दोन दिवस पत्र टाकू नकोस."

शाळेतून आल्यावर भिंगरी खोलीत पोटावर पडून झाकण फिरवू लागली. तेलमामांनी मोजे काढले आणि चपला घातल्या. दार ढकललं. कर्रर्र. चाळीस वर्षांच्या कानांना ते सोसवेना, पण ते तिथेच थांबले, दार अर्ध्यावर धरून. ठोंब्याइतकाच वेळ थांबले. स्वयंपाकघरात लेक नळ बंद करून श्वास रोखून उभी होती. आत झाकण थांबलं होतं. मग ते सावकाश आत गेले आणि भिंतीशी बसले, पोरीकडे न बघता.

ती किंचाळली नाही. हात कानांकडे गेले, अर्ध्यावर थांबले आणि खाली आले. मग तिने झाकण पुन्हा फिरवायला घेतलं. तेलमामा दहा मिनिटं बसले आणि उठून बाहेर आले. त्या दिवशी ते चार वेळा आत गेले, चारही वेळा कर्रर्र करून. चौथ्या वेळी लेकीने पत्र पाकिटात घातलं. त्यावर काय लिहिलं होतं ते तिने सांगितलं नाही, पण त्यानंतर तिने भांडी घासली ती शेजारच्यांना ऐकू जातील अशी.

एक तारखेला दीड वाजता लेक बाहेर पडली. चारदा मागे फिरून सूचना दिल्या, पाचव्यांदा तेलमामांनी तिला दाराबाहेर काढलं. घर शांत झालं. आत गरगर चालू होती. ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. तीन वाजता कर्रर्र करून आत जायचं, फळ द्यायचं, भिंतीशी बसायचं, असं ठरलं होतं. पण दोन-अडीचच्या सुमाराला वर्तमानपत्रावर डोळे मिटत असतानाच त्यांना ऐकू आलं.

कर्रर्र.

दार कोणी उघडलं? वारा नव्हता. ते उठणार होते, तेवढ्यात त्यांना दाराच्या कडेवर चार लहान बोटं दिसली. दार अर्ध्यावर थांबलं होतं. ते पुढे येत नव्हतं आणि मागेही जात नव्हतं. बोटं वाट बघत होती.

ती त्यांना सांगत होती. येतेय म्हणून सांगत होती, आणि त्यांची तयारी होईपर्यंत थांबली होती.

तेलमामांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. चष्मा काढला. मान वळवली, अगदी सावकाश, आणि तळहात उघडून पुढे केला. तेव्हा कुठे भिंगरी दारातून बाहेर आली, त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि निळं झाकण त्यांच्या हातावर ठेवलं.

एक, दोन, तीन, त्यांनी मनात मोजायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, पण ते पुसायला दुसरा हात उचलला असता तर तिला न सांगता हलल्यासारखं झालं असतं. म्हणून पाच आकडे होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.